ज्या आयतीने बोलायला शिकवलं, तिनेच तोंडं बंद करू नका

कुर्ल्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि भायखळ्याच्या मैत्रिणींमध्ये एकच मेसेज फिरतोय: ‘खरा मोमिन (श्रद्धावान) दुःख फक्त अल्लाहलाच सांगतो. माणसांपुढे रडणं म्हणजे सब्र (धीर) सोडणं. ईमान कच्चं असलं की डिप्रेशन येतं. घरातली गोष्ट बाहेर काढणं गुनाह.’ पुराव्याला कुरआनातल्या सूरह यूसुफ या अध्यायाची ८६वी आयत.

आयत खरीच आहे. पैगंबर याकूब अलैहिस्सलाम म्हणतात, मी माझी व्यथा अल्लाहपुढेच मांडतो. पण दोन आयती मागे जा. ८४व्या आयतीत ते दुरावलेल्या मुलासाठी, यूसुफसाठी हाय खातात, शोकाने डोळे पांढरे होतात. ८५व्यात मुलंच त्यांना टोकतात, की यूसुफचं नाव घेत घेत तुम्ही झिजून जाल. त्या टोकण्याला ८६वी आयत हे उत्तर आहे. रडणाऱ्या बापाने टोकणाऱ्यांना दिलेलं उत्तर आज रडणाऱ्यांनाच गप्प करायला वापरलं जातं, याचा मला संताप येतो. शिवाय ८७व्या आयतीत ते मुलांना शोधाला पाठवतात. दुआही केली, माणसांची मदतही घेतली.

सब्र सुटण्याचं म्हणाल, तर हिरा गुहेतल्या पहिल्या संदेशानंतर पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम थरथरत घरी आले, ‘मला पांघरूण घाला’ म्हणाले. मग पत्नी हजरत खदीजांना सांगितलं, मला माझ्या जिवाची भीती वाटली. हे सहीह बुखारी या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत आहे. खदीजांनी धीर दिला, तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचा भार उचलता, अल्लाह तुम्हाला कधी बेइज्जत करणार नाही, असं सांगितलं. आणि तेवढ्यावर न थांबता जाणकार चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या.

ईमानाचं माप काढणाऱ्यांनी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातले पैगंबरांचे साथी हंजला आठवावेत. घरी गेलो की मन पैगंबरांजवळ असतं तसं राहत नाही, मी मुनाफिक (ढोंगी) झालो, असं ते दुसरे साथी अबू बक्र यांच्याकडे बोलले. अबू बक्र म्हणाले, माझंही तसंच होतं.

आपला झाकलेला गुनाह चारचौघांत मिरवू नये, हे खरंच. पण सोसलेला त्रास म्हणजे गुनाह नव्हे. नवऱ्याची तक्रार घेऊन पैगंबरांकडे आलेल्या बाईचं अल्लाहने ऐकलं, सूरह मुजादिलाची सुरुवातच तिथून होते. हां, सांगायचं ते पोटात ठेवणाऱ्या माणसाला, गल्लीभर करणाऱ्याला नाही.

आमच्या मजल्यावरची एक भाभी बाळंतपणानंतर मोरीत तेच पातेलं घासत बसायची. बाळ रडतंय याचंही भान नसे. विचारलं की ‘अल्लाह का शुक्र है’. सासू म्हणे, नमाज कमी पडतेय. भाभीची एकही नमाज चुकत नव्हती. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा आजार आहे, आणि उपचार करा, म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला अल्लाहने औषध ठेवलंय, ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. शेवटी तिची बहीण तिला मुंबई सेंट्रलला नायरच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. घराण्याची अब्रू जाईल म्हणून अडवणाऱ्यांना एवढंच सांगते, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि घरातून निघणंच शक्य नसेल, तर टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो, बोलणं मराठीत होतं.