मुंगसा मुंगसा तोंड दाखव

गावठी कोंबड्या पाळायला काहीच लागत नाही, दिवसभर उकिरड्यावर चरतात, संध्याकाळी आपल्या आपण घरी येतात, असं मला ज्याने ज्याने सांगितलं त्यातल्या एकाकडेही स्वतःची कोंबडी नव्हती, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले.

गाव आमचं अमळनेर तालुक्यात. कंपनीने घरून काम करा म्हटलं आणि मी बायको-पोराला घेऊन पुण्याहून गावी येऊन बसलो. घरामागे मोठं अंगण, कडुनिंब, कोपऱ्यात जुनं दगडाचं खुराडं. आमच्याकडे पूर्वी कोंबड्या होत्याच. पण २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच, आणि नवापूर आमच्यापासून कुठल्या कुठे असलं तरी वडिलांनी टीव्हीवर ते पांढऱ्या ड्रेसमधले लोक कोंबड्या पोत्यात भरताना पाहिले आणि जे घाबरले ते घाबरले. विकायला काढल्या तर फुकट पण कोणी घेईना. मग त्या म्हाताऱ्या होऊन एकेक करून गेल्या आणि खुराड्यात मायच्या गोवऱ्या आल्या.

मी दिवाळीनंतर बाजारातून दहा तलंगी, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला. माय म्हटली, "तुले झेपाव नही." मी म्हटलं, माय, मी पंधरा लोकांची टीम सांभाळतो. त्यावर ती फक्त हसली आणि गोवऱ्या काढायला लागली.

पहिल्या आठवड्यात दोन गेल्या. एक रात्री, एक पहाटे. रात्रीचं असं असतं की कोंबडीला अंधारात काही म्हणजे काही दिसत नाही, एकदा बसली की ती दगडासारखी बसते, कोणी येऊन उचलून नेलं तरी धड ओरडत पण नाही. म्हणजे चोराच्या दृष्टीने हे एटीएम आहे, पिन पण लागत नाही. सकाळी अंगणभर पिसं पडलेली. माय म्हटली पिसं इतकी म्हणजे कुत्रं. शेजारचा एकजण म्हटला रानमांजर. तिसरा म्हटला कोल्हा, तो नाल्याकडून येतो. चौथा बिबट्यापर्यंत पोहोचला, त्याला मी चहा देऊन घरी पाठवला.

मग मी खुराडं बांधायला घेतलं. इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला हे दुर्दैव. हार्डवेअरवाल्याकडे गेलो, म्हटलं कोंबड्यांसाठी जाळी द्या, त्याने ती सहाकोनी भोकांची जाळी दिली, नावच तिचं कोंबडी जाळी. मी खूश. चार दिवसांनी कळलं की ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, बाहेरचा आत येऊ नये म्हणून नसते. कुत्र्याने ती दाताने अशी फाडली जसं आपण वेफरचं पाकीट फाडतो. परत गेलो. आता अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश आणली. दुकानदार म्हटला, "मी पहिलेच हीच देणार होतो, पण तुम्ही कोंबडी जाळी मागितली ना." ह्या माणसाशी काय भांडायचं.

तर वेल्डमेश. खाली फूटभर खोल चर खणून जाळी पुरली, आणि नुसती सरळ नाही तर बाहेरच्या बाजूला वळवून, म्हणजे कोणी खणायला लागलं तर त्याच्या पंजाला जाळीच लागेल. घूस, मुंगूस, कुत्रं सगळे भिंतीला चिकटूनच खणतात, दोन फूट मागे जाऊन खणायची अक्कल त्यांना नसते असं मी वाचलं होतं. दाराला दोन कड्या. वर पत्रा. आत बसायला बांबू. मार्च महिन्याच्या उन्हात मी तीन रविवार खणत होतो आणि माय ओट्यावर बसून लसूण सोलत बघत होती. साडेअकरा हजार गेले. बायकोने एका अंड्याचा भाव काढायला मोबाईल हातात घेतला होता, मी तो काढून घेतला.

पण खरं सांगतो, त्या दिवसापासून रात्री एक पण कोंबडी गेली नाही. रोज अंधार पडायच्या आधी त्या स्वतः रांगेने आत जायच्या, मी मोबाईलच्या टॉर्चने मोजायचो, दोन्ही कड्या लावायचो आणि किल्लेदारासारखा झोपायचो.

आणि मग मुंगूस आलं. दुपारी साडेबाराला.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी सगळा बंदोबस्त रात्रीचा केला होता आणि मुंगूस हा दिवसा ड्युटी करणारा प्राणी निघाला. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या म्हणून तर पाळल्या होत्या, दिवसभर दार उघडं, साहेब सरळ उघड्या दारातून आले. बाहेर त्रेचाळीस डिग्री, सगळं गाव पंख्याखाली पडलेलं, माझी मिटिंग चालू. तेवढ्यात पोरगा ओरडला, "पप्पा, मुंगूस मुंगूस!" शेजारच्या जिजी त्यांच्या ओट्यावर वाती वळत होत्या, त्यांनी लगेच हात जोडले. आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ ना. "मुंगूस दिसनं रे भो, दिवस चांगला जाई," असं त्या म्हणत असतानाच पोराने, जे मीच त्याला शिकवलं होतं, ते म्हटलं,

"मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

आणि ते कंपाउंडच्या भिंतीवर थांबलं. वळलं. तोंड दाखवलं. तोंडात आमच्या काळ्या कोंबडीचं महिनाभराचं पिल्लू.

मी आयुष्यात इतका शपथ पाळणारा प्राणी पाहिला नाही. दोन सेकंद त्याने आमच्याकडे पाहिलं, लाल डोळे, शेपूट फुगलेली, मग भिंतीपलीकडे उतरून गेलं. पोरगा खूश, की बघा पप्पा ऐकलं त्याने. जिजी म्हटल्या, "तरी बी शुभच शे." पिल्लासाठी नसेल बहुतेक.

गावात सल्ल्यांना तोटा नाही. एकजण म्हटला औषध टाक, एकजण म्हटला फासा लाव. मी म्हटलं बाबांनो, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मुंगूस काय घोरपड काय, हात लावला तर मी आत जाईन, आणि मग कोंबड्या कोण पाहील. शिवाय मायचं म्हणणं, मुंगूस आहे म्हणून अंगणात नाग नाही. हे पण पटत होतं. म्हणजे प्रश्न असा झाला की नाग हवा का पिल्लू.

एक गोष्ट मात्र त्या मुंगसाची मी मानली. एकदा त्याने अंडं पळवलं तेव्हा मी खिडकीतून बघत होतो, मिटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. अंडं गोल, त्याच्या दातात नीट बसेना. त्याने ते ढकलत ढकलत मोरीजवळच्या धुण्याच्या दगडापर्यंत नेलं. मग दगडाकडे पाठ केली. अंडं पुढच्या दोन पायात धरलं आणि लगोरी खेळताना काही पोरं शायनिंग म्हणून पायातून मागे चेंडू मारतात ना, तसं फाटकन मागच्या पायांमधून दगडावर मारलं. पहिल्यांदा फुटलं नाही. शांतपणे गेला, परत आणलं, परत पाठ, परत फाटकन. फुटलं. मग वळून चाटायला बसला. मी हाकललं पण नाही. मला माझ्या टीममध्ये असा एक माणूस पाहिजे.

वरचा विभाग वेगळा. घार आणि शिक्रा. घार वर गोल गोल फिरते तरी, शिक्रा कडुनिंबातून कधी येतो कळत नाही. ह्यासाठी मी जुन्या सीड्या दोरीला बांधून टांगल्या, चकाकतात म्हणून. घारी दोन दिवस लांब राहिल्या, तिसऱ्या दिवशी कावळा येऊन त्यातल्या एका सीडीत स्वतःचं तोंड बघत बसला होता. शेवटी मासे पकडायचं जुनं जाळं मिळवून अर्ध्या अंगणावर ताणलं, ते चाललं. मायने स्वतःचा जुना उपाय केला, होळीचा उरलेला गुलाबी रंग पिल्लांना फासला. घारीला ओळखू येत नाही म्हणे. घारीचं माहीत नाही, पिल्लांच्या आईने एक दिवस ओळखलं नाही.

ह्या सगळ्यात खरा कामाचा निघाला तो कोंबडा. त्याचे आवाज मी शिकलो. वरून घार आली की तो एकच बारीक लांबट आवाज काढतो, की सगळ्या पिल्लांसकट पऱ्हाट्यांत, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांत, घुसतात. आणि जमिनीवरून कोणी आलं की मोठ्याने कटक-कटक-कटाक, मान उंच करून, न थांबता. एकदा मी पंचवीस लोकांच्या कॉलवर बोलत होतो आणि बाहेर कटक-कटक सुरू झालं, मी वाक्य अर्धं सोडून "हाऽड हाऽड" करत धावलो. परत आलो तर सगळे गप्प. म्यूट करायचं राहिलं होतं.

आता मुख्य दुःखाकडे येतो. तांबडी.

तांबडी ही माझी सगळ्यात चांगली कोंबडी. मार्चच्या शेवटी तिची अंडी यायची बंद झाली. म्हणजे बाकीच्यांची येत होती, हिची नाही. टरफलं कुठे नाहीत, म्हणजे साप, साप अख्खं गिळतो, असा मी निष्कर्ष काढला. बारा-तेरा दिवस असे गेले आणि एका संध्याकाळी मोजल्या तर सात. परत मोजल्या. सातच. तांबडी नाही. पीस नाही, रक्त नाही, काही नाही.

आणि भिंतीपलीकडे जिजींच्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर त्यांचा मन्या बोका बसून मिशा चाटत होता.

दुसऱ्या दिवशी पण तिथेच. तिसऱ्या दिवशी पण. ढिगावर ऐसपैस पसरलेला, पोट वर. ह्याच्याआधी तो कधी तिथे बसायचा नाही. मला अजून काय पुरावा पाहिजे होता? मी जिजींना जाऊन म्हटलं, जिजी, तुमच्या बोक्याने माझी तांबडी खाल्ली. जरा जोरातच म्हटलं. जिजींनी पदर खोचला. "मना मन्या दूधवर वाढेल शे! तो कोंबडीले हात बी लावत नही!" मी म्हटलं दोन किलोची कोंबडी गेली, एक पीस शिल्लक नाही, हे दूध पिणाऱ्याचं पोट आहे का. त्या म्हटल्या तुझं खुराडं साडेअकरा हजाराचं आहे ना, मग राख ना नीट. हे आकडे गावाला कोण सांगतं मला माहीत आहे, ती लसूण सोलत होती.

बोलणं बंद. अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली, त्यांच्याकडे लेकी आल्या, झोका बांधला, आमच्याकडे पुरणपोळीचं ताट आलं नाही. मायने माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलणं केलं. मी मात्र तत्त्वाचा प्रश्न म्हणून घट्ट.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा ओरडला नाही, वेगळंच काहीतरी गुरगुरला. बाहेर गेलो. भिंतीच्या फटीतून तांबडी येत होती. निम्मी झालेली, तुरा फिका पडलेला, अंग फुगवून, कोणी जवळ आलं तर डोळे फोडीन अशा तोऱ्यात. आणि तिच्या मागे एक, दोन, तीन... नऊ पिल्लं.

एकवीस दिवस. बाई एकवीस दिवस जिजींच्या पऱ्हाट्यांच्या पोटात खुडूक, म्हणजे अंडी उबवत, बसली होती, त्याआधी तेरा दिवस तिथेच चोरून अंडी घालत होती, आणि त्याच ढिगावर वरच्या मजल्यावर मन्या झोपत होता. साप निर्दोष. मन्या निर्दोष. मी उभा.

भिंतीवरून जिजींचं डोकं वर आलं. त्यांनी आधी पिल्लं मोजली, मग माझ्याकडे पाहिलं.

"रोज दुपारले पानी पेवाले येत व्हती मना आंगनमा," त्या म्हटल्या.

"मग सांगितलं का नाही जिजी?"

"तू इचारं का? तू ते बोकाना पोटले हात लाई राह्यनता."

मग हिशोब झाला. पऱ्हाट्या त्यांच्या, पाणी त्यांचं, आणि मन्या एकवीस दिवस वर बसून राखण करत होता हे त्यांचं म्हणणं, त्याच्यामुळे म्हणे मुंगूस फिरकलं नाही. त्यात मन्याची गावभर झालेली बदनामी वेगळी. मायने मधे पडून दोन पिल्लांवर तोड काढली. मी कान पकडून, डालग्यात घालून, ती दोन पिल्लं नेऊन दिली आणि येताना उरलेल्या पुरणपोळ्या घेऊन आलो.

चार दिवसांनी सकाळी जिजी ओट्यावर वाती वळत होत्या. त्यांच्या अंगणात एकच पिल्लू फिरत होतं. मन्या पऱ्हाट्यांवर, पोट वर.

मी भिंतीजवळ उभा राहिलो. जिजींनी वर पाहिलं नाही.

"घार लई गयी," त्या म्हटल्या.

मी म्हटलं, "हो जिजी, घारच असेल."