डोंगरावर डीजे कशाला हवा?

पाठीवरच्या पिशवीला ब्लूटूथ स्पीकर लटकवून भल्या पहाटे येऊरचा डोंगर चढणाऱ्या मंडळींना ठाण्यात गाणी ऐकायला जागाच उरलेली नाही काय? वरातीपासून विसर्जनापर्यंत वर्षभर शहराच्या कानठळ्या बसवून झाल्यावर, येऊर ज्याचा भाग आहे त्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उरलीसुरली शांतताही यांना खुपते! पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी सुरेख शीळ घालत असतो; परंतु त्याने दोन स्वर लावायच्या आतच वळणावरून ढोल-ताशांचे रिमिक्स येऊन थडकते. निसरड्या पायवाटेवरून धावत उतरताना मी "बाजू द्या" असे तीनतीनदा ओरडावे, तेव्हा कुठे घोळक्यातला एखादा मागे वळून पाहतो, आणि तोही माझीच चूक असल्यासारखा! बिबट्याची चाहूल लागताच माकडे आणि चितळ ओरडून इशारा देतात, हे या वनप्रेमींना ठाऊक असेलही, पण तो इशारा ऐकू कसा येणार? "दादा, आवाज जरा कमी करता का?" असे परवा नम्रपणे विचारले, तर "जंगल तुमच्या मालकीचे आहे का?" असा प्रतिप्रश्न आला. (बिबट्याने हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर कोणी दिले असते?) इयरफोन नावाची स्वस्त वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, पण ती वापरली तर आपली उच्च अभिरुची साऱ्या डोंगराला कळणार कशी? आणि एवढे सारे करून वर पोहोचल्यावर हीच मंडळी फोटोखाली "निसर्गाच्या शांत कुशीत" असे लिहून मोकळी होतात!