एक कॅमेरा, शंभर पोलीस आणि कोळ्याचं जाळं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो: 'एक कॅमेरा म्हणजे शंभर पोलीस. कॅमेरे लागले की चोऱ्यामाऱ्या बंद. मोजक्याच जागी लावले तर चोर पलीकडच्या गल्लीत जातो, म्हणून सगळीकडे लावा. आणि काही नाही तर निदान चोर सापडतो तरी.' या वेळी खाली चौदा अंगठे आणि सेक्रेटरीकाकांचं कोटेशन. म्हणून हे लिहितोय.

चोऱ्यामाऱ्या बंद? पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या संशोधकांनी चाळीस वर्षांतल्या 80 अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये मांडला. कॅमेरे नसलेल्या भागांशी तुलना केली तर गुन्हे सरासरी 13 टक्के कमी. सगळ्यात जास्त फायदा वाहनतळांवर. मारामारी, हल्ले यांच्यावर मात्र ठळक परिणाम दिसलाच नाही. यात नवल नाही. स्कूटरची डिकी उचकटणारा आधी मान वर करून बघतो; दारूच्या नशेत बाटली उगारणारा बघत नाही.

'शंभर पोलीस' हे तर उलटंच आहे. तेलंगणातल्या पोलीस अधिकाऱ्यांनी हे वाक्य इतक्यांदा वापरलं की त्याचा हिशेब कुणी मागितलाच नाही. अमेरिकेत न्यूअर्क शहरात तो मांडला गेला. तिथल्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर काही संशयास्पद दिसलं, तरी ते काम लोकांच्या फोनच्या रांगेत जाऊन बसायचं. गाडी पोचेपर्यंत रस्ता रिकामा. म्हणून एक प्रयोग झाला. शहरातले कॅमेरे लावलेले 38 भाग घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे निवडले. त्या निम्म्यांसाठी स्क्रीनवर एक जादा माणूस बसवला आणि फक्त त्याच्याच सांगण्यावरून धावणाऱ्या दोन गस्ती गाड्या दिल्या. अकरा आठवडे हे चाललं. हिंसक गुन्हे आणि रस्त्यावरची दंगामस्ती 40 ते 48 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उरलेल्या निम्म्या भागांतही कॅमेरे होतेच की! फरक पाडला तो बघणाऱ्या माणसाने आणि धावणाऱ्या गाडीने.

आता पलीकडच्या गल्लीचा मुद्दा. ऐकायला पटतो, पण ठरावीक जागी गस्त वाढवण्याच्या प्रयोगांत गुन्हे शेजारी सरकण्यापेक्षा शेजारीही थोडे कमी झाल्याचंच जास्त वेळा आढळलं आहे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांनी पोलिसांना आलेले फोन तपासले, तेव्हा निम्मे फोन जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निघाले. म्हणजे 'सगळीकडे' लावायचं कारणच नाही. आमच्याकडचे ते पत्ते मागच्या गेटचा वॉचमनसुद्धा बोटावर मोजून सांगेल.

चोर सापडतो, हा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करतो. ब्रिटनमध्ये संशोधक मॅथ्यू अ‍ॅशबी यांनी रेल्वे पोलिसांकडचे 2011 ते 2015 मधले अडीच लाख गुन्हे पाहिले. 45 टक्के प्रकरणांत फुटेज होतं आणि 29 टक्क्यांत ते तपासाला उपयोगी पडलं. चांगलाच आकडा आहे, पण तो रेल्वेचा आहे, जिथे कॅमेरे नीट सांभाळले जातात.

आमचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमधून एका बाइकची बॅटरी गेली. फुटेज काढलं. कोळ्याने लेन्ससमोरच जाळं विणलेलं, त्यावर कॅमेऱ्याचाच रात्रीचा इन्फ्रारेड उजेड पडून सगळं पांढरंफेक. रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. हवालदारांनी डोळे बारीक करून विचारलं, "साहेब, हा माणूस आहे का कुत्रा?" फुटेज स्वच्छ असतं तरी कोर्टात पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागलं असतं, आणि त्यावर सही कोण करणार, यावरून कमिटीत भांडण झालं असतं ते वेगळंच.

कुणी म्हणेल, हे सोसायटीचं झालं, सरकारी कॅमेरे नीट चालतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. 2025 मध्ये ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याबद्दल त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

काकांचं कोटेशन मी दोनदा वाचलं. 24 कॅमेरे, हार्डडिस्क, 43 इंची स्क्रीन, वायरिंग, जीएसटी. स्क्रीनसमोर बसणाऱ्याचा पगार कुठे धरलाय, ते रविवारच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे. जाळं कोण झाडणार, हेही.