पायथॉन सोडून मॉडेल १० का ठेवलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मन लावून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटेना. संग्रहातली बाकीची रिव्हॉल्व्हरं देऊन टाकली आणि चार इंची नळीचं जुनं स्मिथ अँड वेसन मॉडेल १० तेवढं ठेवलं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, घरात कोल्ट कंपनीचं पायथॉन रिव्हॉल्व्हर असताना ते सोडणं म्हणजे हिरा देऊन गारगोटी ठेवणं. दुसरा, मॉडेल १० लाखांनी बनलंय, ते कधीही मिळेल. संग्राहकाने दुर्मीळ असेल तेच राखावं. तिसरा, .३५७ या जोरकस काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याहून सौम्य .३८ ची काडतुसंही चालतात, तेव्हा फक्त .३८ चं, कमी ताकदीचं मॉडेल १० ठेवण्यामागे भावनेशिवाय कारण नाही. शिवाय, माझं मॉडेल १० हलवलं की आत खळखळतं असं मीच लिहिलंय, म्हणजे ते खिळखिळं झालंय, असाही निष्कर्ष तुम्ही काढलात.

आधी माझी चूक. "पायथॉनपेक्षा मॉडेल १० सरस" असं वाक्य त्या लेखात माझ्या हातून गेलं. ते मी मागे घेतो. १९५५ सालचं पायथॉन हे कोल्टने मन ओतून केलेलं काम आहे. नळीवरची ती झरोक्यांची पट्टी, खाली टोकापर्यंत गेलेला भरीव भाग, आणि पाण्यात पाहावं तसा चेहरा दिसेल अशी निळी झाक. कारागिरीत माझं मॉडेल १० त्याच्या जवळपासही जात नाही. पण सर्वांत चांगलं कोणतं आणि एकच ठेवायचं तर कोणतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखात मी त्यांची गल्लत केली, म्हणून तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे.

आता पायथॉन का गेलं ते सांगतो. माझं होतं ते जुन्या बांधणीचं. (२०२० मध्ये कोल्टने पुन्हा आणलं त्याची आतली रचना बदललेली आहे, त्याबद्दल हे नाही.) जुन्या कोल्टमध्ये घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) न चढवता नुसता चाप मागे ओढत नेला की शेवटी सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, असं घट्ट बसतं की बोटाने हलवून पाहिलं तरी तसूभर सरकत नाही. आतली पंजासारखी पट्टी सिलिंडरला शेवटपर्यंत रेटून धरते, म्हणून हे साधतं. ज्याने एकदा हे अनुभवलं त्याला ते विसरता येत नाही, मलाही आलं नाही. पण जे रेटतं तेच झिजतं. पट्टीचं टोक झिजलं की घोडा पडायच्या वेळी सिलिंडर पुरतं वळलेलं नसतं, आणि काडतुसाचं घर नळीच्या नेमकं समोर येत नाही.

हे पाहायची रीत तुम्हाला माहीत असेलच, तरी इतर वाचकांसाठी लिहितो. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सहाही घरांतून उजेड आरपार दिसतोय ना ते बघा, पुन्हा बघा. मग अंगठ्याने घोडा अगदी सावकाश चढवा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकंसं टेकवून ठेवा. घोडा पूर्ण चढण्याआधी खाचेत अडसर बसल्याचा "टक्" आला पाहिजे. सहाही घरांना. माझ्या पायथॉनची आधी दोन घरं मागे राहायला लागली. एकदा दुरुस्त करून घेतलं. जुन्या कोल्टच्या त्या पट्टीचं काम नुसत्या मोजमापाच्या हिशेबाने होत नाही, ते हाताने येतं, आणि असे हात कमी होत चाललेत. नंतर मी त्यातून गोळी झाडणंच थांबवलं. आठवड्याला नेमबाजीच्या मैदानावर जाणारं हत्यार सहा महिन्यांतून एकदा मऊ फडक्यातून बाहेर निघायला लागलं. मला ते बघवेना. आता ते अशा माणसाकडे आहे ज्याला जुन्या कोल्टचं काम येतं.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त विचार केला. मॉडेल १० लाखांनी बनलं हे अगदी खरं. १८९९ मध्ये "मिलिटरी अँड पोलिस" या नावाने ते आलं, १९५७ मध्ये त्याला १० हा क्रमांक मिळाला, आणि सगळे प्रकार धरून साठ लाखांच्या आसपास बनले. तुम्ही हे त्याच्या विरोधात मांडता. मला ते त्याच्या बाजूचं वाटतं. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूच्या सगळ्या खोडी कधीच उघड्या पडलेल्या असतात, आणि त्यांवरचे उपायही.

ती खळखळ हेच त्याचं उदाहरण. १९४४ साली युद्धनौकेच्या डेकवर असं एक रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कारखान्याने तातडीने घोड्याला रोखणारा आतला अडसर बदलला आणि तो असलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकाआधी एस हे अक्षर घातलं. हा अडसर म्हणजे एक बारीक पोलादी पट्टी. चाप पूर्ण ओढलेला नसेल तोवर ती घोडा आणि चौकट यांच्या मधे उभी असते. ती आत सैल असते, सैलच असावी लागते. रिव्हॉल्व्हर हलवल्यावर जी खळखळ येते ती तिची. म्हणजे तुम्ही जिला खिळखिळेपणा समजलात, ती त्या खलाशाच्या मृत्यूनंतर आलेली सुरक्षा आहे. खरं सांगायचं तर एखादं जुनं स्मिथ हातात घेऊन हलवलं आणि आवाज आला नाही, तर मी ते उघडून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. कुणीतरी नीट न जोडता ती पट्टी बाहेरच ठेवलेली असू शकते.

दुसरी खोड काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची. आधी त्याचे आटे अशा दिशेचे होते की झाडता झाडता तो हळूहळू सुटायचा, पुढे सरकून टेकायचा आणि सिलिंडर उघडेनासं व्हायचं. १९६० च्या आसपास आटे उलटे केले, प्रश्न मिटला. माझं त्यानंतरचं आहे.

आणि एक खोड माझ्याच अनुभवातली. हे रिव्हॉल्व्हर मी वापरलेलं घेतलं. विकणाऱ्याने चाप "लोण्यासारखा" असल्याचं दोनदा सांगितलं, आणि होताही. पहिल्याच दिवशी सहांतली दोन काडतुसं फुसकी गेली. ती हातात घेऊन पाहिली तर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातला ठिणगी देणारा भाग) घोड्याच्या टोकाची जेमतेम टिकली उमटलेली. घरी येऊन मुठीची लाकडं काढली. मुठीच्या पुढच्या बाजूला खाली एक स्क्रू असतो, तो घोड्याच्या पट्टीस्प्रिंगवर दाब देतो. तो तब्बल दीड फेरा सैल केलेला होता. चाप हलका वाटावा म्हणून ही युक्ती बरेच जण करतात, आणि मग घोड्यात जोर उरत नाही. तो स्क्रू पूर्ण घट्टच असायला हवा. एका स्क्रूड्रायव्हरने तो बसवला. त्यानंतर आजतागायत एकही काडतूस फुसकं गेलेलं नाही. अशी दुरुस्ती पायथॉनवर करायला माझा हात धजावला नसता.

तिसरा आक्षेप, .३५७ मध्ये दोन्ही चालतात. चालतात. .३५७ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, .३८ स्पेशलपेक्षा तीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवली, जेणेकरून जोरकस काडतूस जुन्या .३८ मध्ये बसूच नये. माझ्याकडे मॉडेल १९ सुद्धा होतं, बांधा मॉडेल १० चा आणि ताकद .३५७ ची. त्याच बांध्यात नळीचा मागचा भाग खालून सपाट घासलेला असतो, आणि हलक्या, वेगवान गोळ्या सतत झाडल्या तर नेमका तिथेच तडा जातो. म्हणून मी त्यातून .३८ च झाडायचो, आणि .३८ झाडून झाडून घरांत काजळीचं कडं साचायचं, ते घासत बसायचो. शेवटी मनगट दुखायला लागल्यावर उत्तर आपोआप मिळालं. जे मी रोज झाडणार ते .३८ आहे, तर मग .३८ साठीच बनवलेलं का ठेवू नये?

आता भावना. तुम्ही तो शब्द आरोप म्हणून वापरलात, पण मी तो नाकारणार नाही. माझी मुलगी याच रिव्हॉल्व्हरवर शिकली. पहिल्या दिवशी गोळी झाडलीच नाही. तिने फक्त सिलिंडर उघडायचं, दांडा दाबायचा, सहा रिकाम्या पुंगळ्या तळहातावर घ्यायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. पाच आल्या तर सहावी शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. आज ती मोठी आहे, तरी मोजते. आमच्या दोघांच्याही हाताला याची मूठ बसते, याच्या चापाची ओढ दोघांनाही पाठ आहे. माझ्यानंतर ते तिच्याकडे जाणार आहे, आणि ज्याचं पोट उघडायची तिला भीती वाटणार नाही असं माझ्याकडे हे एकच होतं. पायथॉन तिला दिलं असतं तर तिने ते जपलं असतं, वापरलं नसतं.

दुर्मीळ तेच राखावं हा तुमचा दंडक मला मान्य आहे, पण ज्यांचा संग्रह पुढे संग्रह म्हणूनच राहणार आहे त्यांच्यासाठी. मी संग्रह मोडत होतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला आवडला: दोन ठेवता आली असती तर दुसरं कोणतं? तुम्हाला वाटलं असेल पायथॉन म्हणेन, किंवा वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर. वेब्ली उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम उडतात, तो सोहळा मला फार आवडायचा. पण मी ठेवलं असतं ते १८९५ चं नागां. रशियन सैन्याचं, सात घरांचं. भरायचं एकेक काडतूस, रिकामं करायचंही एकेक, चाप इतका जड की बोट थरथरावं. पण घोडा चढवताना त्याचं सगळं सिलिंडर पुढे सरकतं, काडतुसाचं तोंड नळीत शिरतं आणि इतर बहुतेक रिव्हॉल्व्हरांत सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये राहणारी ती फट बंद होते. गोळी पुंगळीच्या आतच बुडवलेली असते ती याचसाठी. संग्रह मोडताना ते सर्वांत शेवटी गेलं. देण्याआधी रिकामं असल्याची खात्री करून मी बराच वेळ नुसता त्याचा घोडा चढवत-उतरवत बसलो होतो, सिलिंडर पुढे जाताना बघत.