निकल्सनने न उघडलेलं कलम ३१

तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या सिनेमात (दुसऱ्या महायुद्धात जपानी छावणीतले इंग्रज युद्धकैदी रेल्वेपूल बांधतात, ती गोष्ट) मी म्हटली तशी दोन सन्मानसंहितांची टक्कर वगैरे काही नाही, कायदा पाळणारा कैदी कर्नल निकल्सन आणि छावणीचा क्रूर प्रमुख कर्नल साइतो आहेत. त्यांना एका तराजूत घालून मी छळाला तत्त्वज्ञानाची झालर लावली, हा पहिला. युद्धकैद्याला तुच्छ मानणं ही सामुराईंची शेकडो वर्षांची रीत, साइतो वेगळं वागूच शकला नसता, हा दुसरा. दोन्ही एकत्र नांदणं कठीण (रीतच तशी असेल तर साइतोचा दोष काय?), तरी एकेक घेऊ.

निकल्सन कायद्याला धरून चालतो हे सिनेमाच्या पूर्वार्धापुरतं पूर्ण खरं. अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करायची असा साइतोचा हुकूम होतो, निकल्सन युद्धकैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या जिनिव्हा कराराची प्रत काढून कलम २७ दाखवतो आणि साइतो तीच प्रत त्याच्या तोंडावर मारतो. १९२९च्या करारातलं हे कलम खरंच तसं आहे: धडधाकट शिपायांना कामाला लावता येतं, हवालदार-नाईकांवर फक्त देखरेखीची सक्ती करता येते, अधिकाऱ्यांवर कसलीच नाही. जपानने या करारावर सही केली होती, पण तो संमत केला नव्हता. १९४२च्या सुरुवातीला 'आवश्यक त्या बदलांसह' तो लागू करू, एवढंच कळवलं होतं. त्या 'बदलांसह'मध्ये काहीही बसवता आलं. मात्र अधिकाऱ्यांची सूट १९०७च्या हेग करारातल्या युद्धनियमांतही आहे आणि तो करार जपानने संमत केलेला होता. साइतोची बाजू कागदावरही लंगडी आहे, यावर आपलं दुमत नाही.

अडचण पुढे आहे. त्याच करारात चारच कलमं पुढे ३१ येतं: युद्धाच्या कारवायांशी थेट संबंध असलेलं काम कैद्यांकडून करून घेता येत नाही. पूल ज्यासाठी बांधला जातो तो रेल्वेमार्ग ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला रसद पोचवण्यासाठीच होता. निकल्सन ३१ कधीच काढत नाही. २७ त्याच्या हुद्द्याचं रक्षण करतं, ३१ त्याच्या देशाचं, आणि साइतोने शिक्षा म्हणून कोंडलेल्या भट्टीसारख्या पत्र्याच्या खोक्यात दिवस काढून तो मिळवतो ते फक्त २७. मग पुढचा क्रम बघा. जपान्यांनी निवडलेल्या जागी नदीचा तळ मऊ आहे, पूल खचेल, म्हणून इंग्रज अधिकारी जागा बदलून देतात. लंडन ब्रिजचे एल्मचे खांब सहाशे वर्षं टिकले हे ऐकून निकल्सन खूश होतो. मुदत गाठता येईना तेव्हा तो अधिकाऱ्यांनाच कामाला उतरवतो, म्हणजे ज्या सुटीसाठी जीव पणाला लावला ती आपल्या हाताने सोडतो. शेवटी इस्पितळातल्या आजाऱ्यांनाही हलक्या कामाला बाहेर काढतो. हा देशद्रोह ठरू शकतो, असं डॉक्टर क्लिप्टन त्याला तोंडावर सांगतो.

पळून जाण्याचंही तेच. सिंगापूरमध्ये वरिष्ठांच्या हुकमाने शरण आलो, तेव्हा पलायन हा शिस्तभंग, असं निकल्सन मानतो. प्रत्यक्षातल्या सिंगापुरात सप्टेंबर १९४२मध्ये उलट घडलं. 'पळून जाणार नाही' अशी हमी लिहून द्यायला कैद्यांनी नकार दिला. जपान्यांनी पंधरा हजारांहून अधिक माणसं सेलारांग बराकीत कोंडली आणि पळताना पकडलेल्या चौघांना गोळ्या घातल्या. साथ पसरून माणसं मरणार हे दिसल्यावर, सक्तीखाली दिलेली हमी बांधील नाही हे गृहीत धरून, अधिकाऱ्यांनी सह्या करायला सांगितलं. थायलंडमधल्या तामार्कानच्या पुलावरचा प्रत्यक्षातला ज्येष्ठ इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझीही निकल्सनसारखा नव्हता. माणसं जगवायची आणि जमेल तिथे काम बिघडवायचं, हे त्याचं धोरण. लाकडी पुलात वाळवी सोडली गेली, काँक्रीट मुद्दाम वाईट कालवलं गेलं.

आता 'शेकडो वर्षांची रीत'. १९०४-०५च्या युद्धात जपानने सत्तर हजारांहून अधिक रशियन कैदी ठेवले. मात्सुयामाच्या कैद्यांना दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची मुभा होती. पहिल्या महायुद्धात बांदोच्या छावणीत जर्मन कैद्यांनी १ जून १९१८ रोजी बीथोव्हनची नववी सिम्फनी वाजवली. 'जिवंतपणी कैदेची नामुष्की पत्करू नका' हे वाक्य सैन्यात सर्वांना पाठ असायचं, ते ८ जानेवारी १९४१च्या, तत्कालीन युद्धमंत्री तोजोच्या नावाने निघालेल्या रणसंहितेतलं. साइतोच्या पिढीला मिळालेली 'परंपरा' म्हणजे शाळेत आणि बराकीत ठोकून बसवलेली ताजी गोष्ट होती. आणि गंमत म्हणजे निकल्सनला खोक्यातून सोडताना साइतो माफीसाठी जे निमित्त काढतो ते १९०५च्या रशियावरच्या विजयाच्या वार्षिक दिनाचं!

म्हणूनच मला नागिसा ओशिमाचा 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' (१९८३) जास्त प्रामाणिक वाटतो. त्यातला जपानी छावणीप्रमुख कॅप्टन योनोई संहितेला इतका घट्ट धरतो, कारण जपानी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांच्या फेब्रुवारी १९३६च्या बंडात त्याचे सोबती मारले गेले आणि तो तेव्हा मांचुरियात होता. क्रूरता तिथे कुठेही सौम्य होत नाही, फक्त ती कुठून येते ते दिसतं. झालर लावणं आणि उगम दाखवणं यात मी फरक करतो.

क्वायच्या सिनेमावर छळ लपवल्याचा आरोप करायचाच असेल तर त्याला खरी जागा आहे. ४१५ किलोमीटरच्या त्या मार्गावर साठ हजारांहून अधिक युद्धकैदी राबले, बारा हजारांहून अधिक मेले. त्यांच्या कैक पट आशियाई मजूर होते, मलायातले तमिळ, ब्रह्मी, जावानीज. त्यांच्या मृत्यूंचा अंदाज नव्वद हजारांच्या घरात जातो. त्यांच्याकडे ना हुद्दा, ना करार, ना दाखवायला एखादं कलम. सिनेमाच्या कथेत त्यांना स्थानच नाही.