दिवा पेटला तर टेप लावा

सेकंडहॅंड एसयूव्ही घ्यायची ठरवलीय? अभिनंदन. आता एक करा, गाडीबद्दल काहीही वाचू नका, वाचलं की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस छोटी गाडी घेतो. तुम्ही फक्त उंची बघा. बॉनेट छातीपर्यंत येतंय ना, मग सेफ. एवढ्या उंच गाडीचं वजन वरच्या अंगाला असतं, जोरात वळवली तर कलंडायचा चान्स जास्त वगैरे फिजिक्सवाले सांगतील, पण त्यांच्याकडे कुठे एसयूव्ही असते.

बघायला गेलात की चावी विकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. मी तसंच केलं. त्याने बसल्या बसल्या एका झटक्यात स्टार्टर मारला, मीटरमधले दिवे पेटले, विझले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "एसी बघा साहेब, बर्फ पडतो बर्फ." मी पाच मिनिटं एसीसमोर हात धरून बसलो. मग उगाच विचारायचं म्हणून एअरबॅगचं विचारलं तर म्हणाला, "दोन्ही आहेत, आजपर्यंत एकपण उघडलेली नाही, लिहून देतो." लिहून काही दिलं नाही. पण सध्या गाडीत ज्या बॅगा होत्या त्यांच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं, नसलेली बॅग उघडणार कुठून.

त्या एका झटक्यातली कला मला आठ महिन्यांनी कळली, तीही हॉर्न वाजेना म्हणून मेकॅनिककडे गेलो तेव्हा. त्याने चावी नुसती ऑनवर आणली, स्टार्ट केलंच नाही, आणि मीटरकडे बघत बोटं मोजायला लागला. म्हटलं याला झालं काय. तर म्हणे, एअरबॅगचा दिवा चावी ऑन केल्यावर साधारण पाच-सहा सेकंद पेटतो, तेवढ्यात कंट्रोल युनिट स्वतःची सगळी तपासणी करतं, आणि सगळं ठीक असेल तर दिवा आपला आपण विझतो, इंजिन चालू असो नसो. ऑइलचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत जळत बसतो. "भाऊ, तुमचे दोघं बघा," तो म्हणाला. दोघं जळतच होते. इंजिन सुरू केलं, दोघं एका क्षणी विझले, जुळी भावंडं जशी. कुणीतरी मीटर खोलून एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला टाचून दिली होती. इतकं स्वच्छ काम की मला रागाआधी कौतुकच वाटलं. दिव्याखाली अंधार असतो हे शाळेत शिकलो होतो, इथे दिव्यामागेच होता.

मग त्याने डॅशबोर्डची डावी बाजू बोटाने ठोकली. पोकळ आवाज आला. झाकणाच्या कडेला गोंदाची बारीक रेघ होती, तिच्यात पाना घालून उचललं तर आत एअरबॅगच्या जागी घडी घातलेला जुना टॉवेल. निळा, कडेला पांढरी पट्टी. वाईट म्हणजे धुतलेला होता, म्हणजे कुणीतरी निगुतीने ठेवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही, तेव्हा तुम्ही चुकूनही ठोकून बघू नका, सीटबेल्टचं बक्कल शेजारच्या सीटपेक्षा दोन बोटं खाली का गेलंय हे तर मुळीच विचारू नका. मोठ्या धडकेत बॅग फुटते तेव्हाच बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर पण उडतो आणि काही गाड्यांत तो बक्कलच खाली ओढतो, एकदा उडाला की संपला, बदलावाच लागतो. आमच्याकडे सीट खचलीय म्हणून खाली उशी घेतली होती.

ही झाली कमी शिकलेल्यांची पद्धत. जास्त शिकलेले बॅगेच्या वायरीत साधारण दोन ओहमचा एक चिमुकला रेझिस्टर लावतात. कंट्रोल युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे, दिवा अगदी शास्त्रशुद्ध सहा सेकंदांनी विझतो, बोटं मोजणारा मेकॅनिकसुद्धा गप्प. वरून कीर्तन आतून तमाशा.

समजा तुमच्या नशिबाने बॅग असली, तरी खूश होण्यात घाई करू नका. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या बॅगेत फुगवणारी दारू होती अमोनियम नायट्रेटची, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन ती अशी बिघडायची की धडकेत बॅग फुगवायच्या ऐवजी धातूची डबीच फोडायची आणि तिचे तुकडे समोरच्याच्या गळ्याकडे. जगभरात सुमारे १० कोटी बॅगांच्या डब्या परत मागवल्या, एकट्या अमेरिकेत ६ कोटी ७० लाख, आणि कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. अशा रिकॉलमध्ये गाडी बनवणारा सहसा फुकट बदलून देतो, फक्त गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर त्यांच्या साइटवर टाकायचा, दोन मिनिटांचं काम. म्हणूनच करू नका. दोन मिनिटांत आणि फुकट होणाऱ्या कामाला काय इज्जत आहे?

चावीला मात्र भरपूर काहीतरी लटकवा. घराच्या चार चाव्या, कपाटाची, टॉर्च, बाटली उघडायचं, नाकापेक्षा मोती जड झाला पाहिजे. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये जगभरातून २६ लाख गाड्या परत बोलावल्या त्या अशाच एका ढिल्या इग्निशन स्विचपायी, जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद, आणि एअरबॅगची वीज पण बंद. नंतर १२४ मृत्यू त्या खात्यावर धरले गेले. कंपनीतल्या काही लोकांना दहाएक वर्षं आधीपासून माहीत होतं म्हणे, पण कशाला उगाच दिवा लावा.

बाकी शेजारी बसणाऱ्याला पाय डॅशबोर्डवर ठेवू द्या, बॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, म्हणजे पापणी लवायच्या आत गुडघे तोंडाशी, योगासनं वेगळी करायला नकोत. आणि बेल्टच्या अलार्मसाठी ती नकली क्लिप घ्याच. एअरबॅगच्या झाकणावर जी तीन अक्षरं असतात त्या एसआरएसमध्ये पहिला एस सप्लिमेंटलचा आहे, म्हणजे बेल्ट मुख्य आणि बॅग जोडीला, पण आपल्याकडे जोडीलाही टॉवेल आहे, तर मुख्याचे लाड कशाला.

हॉर्न का वाजत नव्हता ते राहिलंच. स्टीअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची पट्टीच्या वायरची गुंडाळी असते, हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोघांचा करंट तिच्यातूनच जातो. ती तुटली होती, कधीपासून कोण जाणे. मेकॅनिकने हॉर्नपुरती वेगळी वायर बाहेरून काढून दिली. आता वाजतो.

गाडी विकायला काढलीय. परवा एक जण आला होता, पोरगेलासा, साधा वाटला म्हणून चावी दिली. त्याने ऑनवर आणली आणि तिथेच थांबला. मीटरकडे बघत ओठ हलवायला लागला, तीन, चार, पाच...

मी म्हटलं, "एसी बघा ना, बर्फ पडतो."