हे चित्र ‘निवांत’ कुठून झालं?
पियानोच्या वर भिंतीवर लावायला ‘निवांत घरगुती संगीताचं चित्र’ म्हणून एका लेखात इंग्रज चित्रकार होल्मन हंटचं ‘द अवेकनिंग कॉन्शन्स’ (१८५३) सुचवलंय, ते वाचून हसूच आलं. अहो, चित्रात पियानोपाशी दिसतं ते जोडपं नवरा-बायको नाहीच! त्याने तिला रखेल म्हणून ठेवलंय. तिच्या डाव्या हातात सगळ्या बोटांत अंगठ्या आहेत, लग्नाची अंगठी घालतात त्या बोटात तेवढी नाही. टेबलाखाली मांजराने पक्षी धरलाय, तशीच तीही अडकलेली. त्याचा हात अजून पियानोवर आहे आणि जुनं गाणं ऐकून भानावर आलेली ती त्याच्या मांडीवरून उठतेय. गंमत म्हणजे १८५४ मध्ये कलासमीक्षक रस्किनने याच खोलीतल्या नव्याकोऱ्या, चकचकीत फर्निचरवर बोट ठेवलं होतं: इथे घरपण नाही म्हणून.

मीही एकदा याची प्रिंट हौसेने फ्रेम करून लावली होती. पाहुण्यांच्या पोरीने ‘ती काकू घाबरलीय का?’ विचारलं, तेव्हा नीट बघितलं. लहान पोरीला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. निवांतच हवं असेल तर चित्रकार लेटनचं ‘द म्युझिक लेसन’ (१८७७) लावा. दोघी मुली वाद्यात गुंगलेल्या, बाकी कसली भानगड नाही.